टॅनाकला ‘कमनशिबी’ म्हणणं आता पुरे

एस्टोनियाचा रॅलीचालक ओट टॅनाकने २०२५ च्या मोसमानंतर डब्ल्यूआरसीतून, म्हणजे रॅलीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतून, बाजूला होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून सोशल मीडियावर रॅलीवाल्यांच्या भिंतींवर एकच सूर आहे. २२ विजय, जगज्जेतेपद मात्र एकच, बिचाऱ्याचं नशीबच फुटकं. मला हे पटत नाही. त्याच्या हातून निसटलेल्या रॅली एकेक करून पाहिल्या की बहुतेक ठिकाणी नेमकं कारण सापडतं: कुठला पार्ट गेला, का गेला, कुणाचा निर्णय चुकला. आणि जिथे खरंच नशिबाचा भाग होता तिथे ते त्याच्या बाजूनेही तितकंच फिरलंय. २०१७ ला सार्डिनियात त्याचा पहिला विजय झाला, कारण पुढे असलेल्या हेडन पॅडनने गाडी ठोकली. २०२४ ला त्याच सार्डिनियात शेवटच्या स्टेजवर (घड्याळ लावून पळायचा रॅलीचा टप्पा) त्याचा प्रतिस्पर्धी ओजिएचं टायर गेलं आणि टॅनाक ०.२ सेकंदांनी जिंकला. त्याच वर्षी सेंट्रल युरोपियन रॅलीत ओजिए रस्त्याबाहेर गेला, पहिला नंबर पुन्हा टॅनाकचा. हे कुणी मोजत नाही.

आधी माणूस कुठून आला ते पाहू. एस्टोनियाची लोकसंख्या साधारण १३ लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षा कमी. टॅनाक त्यातल्याही सारेमा बेटावरचा, जन्म १९८७ चा. २००८ आणि २००९ ला सुबारू इम्प्रेझावर तो राष्ट्रीय विजेता झाला. पाठीशी मार्को मॅर्टिन होता. डब्ल्यूआरसीत पाच रॅली जिंकलेला हा चालक २००५ च्या वेल्स रॅलीत सहचालक मायकल पार्क अपघातात मरण पावल्यावर कायमचा थांबला. त्यानंतर त्याने स्वतःची टीम चालवली आणि टॅनाकला वर आणलं. २००९ ला टॅनाक टायर कंपनी पिरेलीच्या होतकरू चालकांच्या निवडीतून निघाला, २०१० ला मित्सुबिशी लान्सरवर एक मोसम, २०११ ला फोर्डच्या फिएस्टा एस-२००० वर डब्ल्यूआरसीखालच्या एसडब्ल्यूआरसी गटात दुसरा. त्याच वर्षी वेल्समध्ये पहिल्यांदा पूर्ण ताकदीची गाडी मिळाली आणि तो सहावा आला.

२०१२ ला फोर्डची जागा मिळाली आणि त्याने ती घालवली. हा दोष शंभर टक्के त्याचा. सार्डिनियात तिसरा आला हे खरं, पण वर्षभर गाड्या इतक्या ठोकल्या की २०१३ ला हाती काहीच नव्हतं. तेव्हाचा टॅनाक स्टेजच्या प्रत्येक किलोमीटरला सारख्याच त्वेषाने गाडी मारायचा. रॅलीत तसं चालत नाही. रेकीत, म्हणजे रॅलीआधीच्या पाहणीत, प्रत्येक स्टेजवरून दोनदाच जायला मिळतं, तेही ठरलेल्या वेगमर्यादेत. पहिल्या फेरीत चालक बोलतो, सहचालक लिहितो; दुसरीत तपासतात. त्या नोट्समध्ये वळण किती तीव्र याच्या आकड्याबरोबर भरवसा किती, हेही लिहायचं असतं. जिथे शंका तिथे अर्धा सेकंद सोडायचा. हे कळायला त्याला तीनेक वर्षं लागली.

मेक्सिको २०१५ सगळ्यांना पाठ आहे: तिसऱ्या स्टेजवर फिएस्टा उतारावरून घरंगळत तलावात बुडाली, तो आणि सहचालक राइगो मोल्डर गाडी पूर्ण खाली जाण्याआधी बाहेर पडले. लोक त्यावर ‘टायटॅनॅक’ म्हणून विनोद करतात, पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. बुडालेल्या गाडीचं इंजिन तसंच फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण सिलिंडरमधलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. म्हणून आधी प्लग काढायचे, हाताने फिरवून पाणी बाहेर फेकायचं, मग इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळ्यांचं तेल बदलायचं. वायरिंगचे जोड सुकवायचे किंवा सरळ बदलायचे, सेन्सर आणि कंट्रोल युनिट नवं टाकायचं. फोर्डच्या गाड्या उतरवणाऱ्या एम-स्पोर्ट टीमच्या मेकॅनिकांना ते करायला तीन तास होते आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा स्टेजवर होती. शेवटी नंबर आला २२ वा.

पुढच्याच वर्षी पोलंडमध्ये, शेवटून दुसऱ्या स्टेजवर आघाडीवर असताना टायर गेलं आणि मिकेल्सन जिंकला. हा प्रसंग मात्र मी निखळ दुर्दैवात मोजतो. स्टेजवर थांबून चाक बदलायला सरावलेल्या जोडीलाही दीड-दोन मिनिटं लागतात, तशाच चाकावर रेटलं तर रबर सुटून चाकाच्या कमानीतल्या पाइप-वायरी झोडपून काढतं. दोन्हीकडे आघाडी गेलीच.

२०१८ ला तो टोयोटात गेला आणि इथून माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. यारिस त्या वर्षी बहुधा सगळ्यात वेगवान गाडी होती. अर्जेंटिना, फिनलंड, जर्मनी, टर्की अशा चार रॅली त्याने जिंकल्या. पण सार्डिनियात उडीनंतर गाडीचं तोंड आपटून रेडिएटर फुटला, आणि वेल्समध्ये आघाडीवर असताना पुन्हा तेच. एकाच वर्षात एकच गाडी एकाच जागी दोनदा फुटते, तेव्हा त्याला नशीब म्हणायचं नसतं. उडीनंतर पुढची चाकं आधी टेकली की सस्पेंशनचा सगळा प्रवास एका झटक्यात संपतो, उरलेला मार खालचं गार्ड खातं. गार्डने इंजिनखालचा तेलाचा चेंबर वाचतो, पण ते मागे-वर ढकललं गेलं तर त्याच्यामागचं काय वाचणार? आता उडीआधी वेग आवरून आणि उडताना गॅसवर राहून नाक खाली जाऊ न देणं हे चालकाचं काम आहे, तेव्हा थोडं माप त्याच्याही पदरात. पण जास्त माप डिझाइनच्या.

२०१९ मध्ये सहा विजय: स्वीडन, चिली, पोर्तुगाल, फिनलंड, जर्मनी, वेल्स. तरीही त्या वर्षीची सगळ्यात शिकण्यासारखी रॅली हरलेली आहे. सार्डिनिया, रविवार, शेवटची पॉवर स्टेज (जादा गुण देणारी अखेरची स्टेज), पंचवीस सेकंदांहून अधिक आघाडी. आणि पॉवर स्टीअरिंग गेलं. घरच्या गाडीत हे झालं तर खांदे दुखतात, इतकंच. रॅलीच्या गाडीत तीन गोष्टी एकत्र येतात. स्टीअरिंगचं गुणोत्तर इतकं जलद असतं की थोड्या फिरवण्यात चाकं पूर्ण वळावीत, म्हणजे तेवढाच जास्त जोर लागतो. पुढचा डिफरन्शियल घट्ट असतो, त्यामुळे गॅस दिला की चाकं सरळच व्हायला बघतात. आणि वाळू-खडीत रुतलेलं टायर प्रत्येक दगडावर स्टीअरिंगला उलटा हिसका देतं. एरवी हायड्रॉलिक दाब तो गिळतो, दाब गेला की तो थेट मनगटात. अशा वेळी अरुंद वळणात हात पुरतच नाहीत. पॉवर स्टेजच्या आधी मेकॅनिकांची सर्व्हिस नसते, दोन स्टेजमधल्या लायझन रस्त्यावर फक्त चालक-सहचालकाने गाडीतल्या हत्यारांनी जमेल तेवढंच करायचं. स्टेज सुरू झाल्यावर तर तेही नाही. मिनिटंच्या मिनिटं गेली, ह्युंदाईचा सोर्डो जिंकला, टॅनाक पाचवा.

पण ऑक्टोबरमध्ये स्पेनला पाहा. पहिल्याच दिवशी ओजिएच्या सिट्रोएनचं पॉवर स्टीअरिंग गेलं आणि त्याचं विजेतेपद तिथेच संपलं. टॅनाकने पॉवर स्टेज जिंकून सोर्डोला मागे टाकलं, दुसरा नंबर घेतला आणि जगज्जेता झाला, पहिला एस्टोनियन. २००४ पासून सलग पंधरा वर्षं हा मान लोएब आणि ओजिए या दोन फ्रेंचांनीच वाटून घेतला होता. तोच पार्ट, एकदा याचा, एकदा त्याचा.

आणि मग काही दिवसांतच तो ह्युंदाईत गेल्याची बातमी आली. त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात महागडी गोष्ट मेक्सिकोचा तलाव नाही, हा करार आहे. २०२० ते २०२३ सलग चारही जगज्जेतेपदं टोयोटाच्या चालकांनी घेतली, दोन ओजिए, दोन रोव्हानपेरा. टोयोटात २०१९ ला वारंवार काहीतरी मोडत होतं, अर्जेंटिनात अल्टरनेटर, टर्कीत इलेक्ट्रॉनिक्स, तेव्हा त्याचा वैताग समजतो. पण वेगवान गाडी टिकाऊ करणं सोपं असतं, टिकाऊ गाडी वेगवान करणं अवघड. इथे तर त्याने सोडली वेगवान, आणि घेतली ती टिकाऊही निघाली नाही.

ह्युंदाईची सुरुवातच मॉन्टे कार्लोच्या त्या उड्डाणाने झाली. सुमारे १८० च्या वेगात गाडी रस्ता सोडून दरीत गेली, तो आणि सहचालक मार्टिन यार्वेओया चालत बाहेर आले. श्रेय गाडीतल्या पोलादी पिंजऱ्याचं, सीटचं आणि मानेच्या आधाराचं. सप्टेंबर २०२० मध्ये तार्तूला एस्टोनियाची पहिली डब्ल्यूआरसी फेरी झाली, ती त्याने जिंकली. खरी कसोटी २०२१ ला लागली. पोर्तुगालमध्ये आघाडीवर, मागचं सस्पेंशन मोडलं. पुढच्याच रॅलीत सार्डिनियात आघाडीवर, पुन्हा सस्पेंशन. खडीच्या स्टेजवर पहिल्या फेरीत वीसेक गाड्या माती उडवून नेतात, दुसऱ्या फेरीत चाकोरीच्या कडेला खडक उघडे पडतात. चाक चाकोरीत, खडक बाजूने सस्पेंशनच्या आर्मवर. इतर गाड्याही त्याच खडकांवरून जात होत्या, हे ‘नशीब’वाल्यांनी लक्षात घ्यावं. केनियात तर पावसात समोरची काच आतून धुकटली. डोळ्यांना दिसेना म्हणून स्टेजमध्येच थांबून काच पुसावी लागली. हवा फिरवण्याच्या व्यवस्थेपायी रॅलीचा निकाल फिरतो. तरी तिथे तो तिसरा आला.

(ह्युंदाईची ही रॅलीची गाडी म्हणजे आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारी आय-ट्वेंटीच का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. २०२२ पासून तर आत नुसता स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा असतो. नाव आणि तोंडवळा सोडला तर शोरूमच्या गाडीचं त्यात काही नाही.)

२०२२ ला तीन विजय, एकूणात दुसरा. ग्रीसच्या अक्रोपोलिस रॅलीत ह्युंदाई १-२-३ असताना टीमने त्याचा सहकारी नूव्हिलला मागे घेतलं नाही, गुणांत पुढे असलेला टॅनाक दुसराच राहिला. माझ्या मते चूक टीमची. तो निघाला, फोर्डला गेला, स्वीडन आणि चिली जिंकला, पण घरच्या एस्टोनियात इंजिन बदलावं लागलं. इंजिनं सीलबंद असतात, कोट्याबाहेर बदललं की पाच मिनिटांचा दंड. जिथे विजय सेकंदांत ठरतो तिथे पाच मिनिटं म्हणजे सुरू होण्याआधीच संपलं.

२०२४ ला पुन्हा ह्युंदाई. पोलंडमध्ये हरीण आडवं आलं, हे दुर्दैव, मान्य. पण जपानची गोष्ट हिशेबाची होती. त्या वर्षीच्या नियमाने शनिवारी आघाडीवर असणाऱ्याला १८ गुण मिळायचे, पण रविवारी रॅली पूर्ण केली तरच. टॅनाक शनिवारी पहिला होता. रविवारच्या पहिल्याच स्टेजवर तो बाहेर गेला, नूव्हिल जगज्जेता झाला, आणि ह्युंदाईने टीमचं विजेतेपद ५५८ विरुद्ध ५६१ अशा तीन गुणांनी टोयोटाला गमावलं. तिथे पुरा दोष त्याचा, आणि तो त्याला दिलाच पाहिजे. आदर म्हणून चूक झाकायची गरज नाही.

२०२५ ला अक्रोपोलिस जिंकला. एस्टोनियात, स्वतःच्या रस्त्यांवर, तो दुसरा आला. पहिला आला ऑलिव्हर सोल्बर्ग, रॅली-वन प्रकारातल्या यारिसवर पहिल्यांदाच बसलेला. यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

ज्यांना त्याचं ड्रायव्हिंग बघायचंय त्यांनी आधी २०१८ च्या फिनलंडचं गाडीच्या आतलं चित्रण लावा. आवाज बंद करा, फक्त हात बघा. उडीआधी स्टीअरिंग सरळ, जमिनीला टेकायच्या आधीच पुढच्या वळणाचा कोन तयार. मग २०१९ च्या सार्डिनियाची पॉवर स्टेज लावा आणि तेच हात बघा.