जात काढावी, पण बेताने

कोकणात नव्याने राहायला आला असाल तर आडनावावर विसंबू नका. इथे हिंदू, मुसलमान, बौद्ध, बेने इस्रायली म्हणजे इथले ज्यू, सगळेच गावाच्या नावाला ‘कर’ लावून मोकळे झालेत. तेव्हा हसतमुखाने विचारा, ‘वाडी कुठली तुमची?’ वाड्या बहुतेक जातवार वसलेल्या, त्यामुळे एका प्रश्नात काम होतं आणि जात विचारल्याचं पापही लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. घाबरू नका. ‘म्हणजे पूर्वीची कुठली?’ एवढं पुढे जोडलं की झालं.

आता शब्द. उघड शिवी कच्चे लोक देतात. आपण रोजचंच नाव घ्यावं. ‘कोळणीकडून पापलेट आणलं’ यात काहीच नाही. ‘काय कोळणीसारखी ओरडतेस?’ यात सगळं आलं. ‘घाटावरचे पाहुणे’ हा पत्ता, ‘घाटी’ हा निकाल. मोहल्ल्यातल्या माणसाचं नाव वीस वर्षं ठाऊक असलं तरी ‘ते लोक’च म्हणावं, आणि माणूस चांगला निघालाच तर ‘वाटत नाही हो त्यांच्यातला’ असं तोंडभर कौतुक करावं. कोणी दुखावला तर ‘आमच्याकडे शिवी म्हणजे माया’ हे तयार ठेवा. फक्त त्याने उलट मायेने तुमची जात काढू नये.

कायद्याचं मात्र सांभाळा. १९८९ चा कायदा, म्हणजे ज्याला सगळे ॲट्रॉसिटी म्हणतात तो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या जाती-जमातींबाहेरच्याने लोकांदेखत जातीवरून शिवी दिली की गुन्हा. लोकांदेखत म्हणजे कुठे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. २००८ च्या निकालात घराबाहेरची पण रस्त्यावरून दिसणारी हिरवळसुद्धा त्यात आली. म्हणजे आपलं खळं बाद, कारण ते पाणंदीवरून दिसतं. पडवीही नको. २०२० च्या निकालाप्रमाणे चार भिंतींच्या आत, परकं कोणी नसताना काढलेले शब्द त्यात बसत नाहीत. तेव्हा माजघर उत्तम. नातलग, मित्र चालतात. शिवाय ऐकून मान डोलवायला कोणीतरी हवंच. अडचण गणपतीत होते. आरतीला अर्धं गाव आत, त्यात परका कोण आणि घरचा कोण, हे टाळ वाजत असताना कसं ठरवणार? विसर्जनापर्यंत तोंड आवरा.