रूळ नसलेल्या रेल्वेतून पैसा कसा काढायचा

नाशिकची भरभराट व्हावी असं मनापासून वाटत असेल ना, तर सगळ्यात आधी नाशिक-पुणे रेल्वेसाठी आरडाओरडा करणं बंद करा. अहो ती झाली की संपलं सगळं. झालेल्या रेल्वेला तिकीट काढावं लागतं, डबे घाण होतात, अर्धा तास लेट झाली तर लोकं आई-बाप काढतात. न झालेली रेल्वे कशी, कायम २०० च्या स्पीडने पळते, दोन तासाच्या आत पुण्यात, आणि आजपर्यंत एकदाही लेट नाही.

तर कमाईचं बघू. पहिलं काम, सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याच्या पुढे एक प्लॉट बघून या. मी जाऊन आलोय. पांढऱ्या स्कॉर्पिओत बसवून नेलं, डांबरी सुटली, धुरळा, एक कोरडी विहीर, फक्कीने मारलेल्या लाइनी आणि बाभळीला बांधलेली शेळी. एजंटने शेळीकडे बोट केलं आणि म्हणाला, "दादा, प्लॅटफॉर्म नंबर एक इथं येतोय." मी विचारलं पार्किंग कुठे, तर म्हणे ते फेज टूमध्ये आहे, त्याचा रेट वेगळा. शेळी पाला खात होती, तिला काही घाई नव्हती.

आता खरी मजा. जुना मार्ग होता सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा, २३५ किलोमीटर, खर्च १६ हजार कोटींच्या घरात. २०२१ साली राज्याने मंजुरीपण दिली. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आकाशातून येणारे एकदम बारीक रेडिओ सिग्नल पकडायला बसवलेल्या, शेजारून विजेवरची फास्ट गाडी गेली की त्यांना नुसती खरखर. त्या दुर्बिणीला कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबचं कळतं हो, आणि आपल्या फायलींना ती नारायणगावच्या शेजारी आहे हे निस्तरता निस्तरता काही वर्षं लागली. शेवटी मार्ग वळला शिर्डीकडे. तुम्ही नाराज होऊ नका, एकाच रेल्वेवर दोनदा प्लॉट विकता येतात हे जगात किती गावांच्या नशिबात असतं? ज्यांनी आधीच्या मार्गासाठी जमिनीची खरेदीखतं करून दिली त्यांचं काय, असले प्रश्न विचारून मूड घालवू नका.

मेट्रोचंही तसंच. १ फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी आले, मेट्रो निओ, टायरवर पळणारी. टाळ्या वाजल्या, जाहिरातीत फ्लॅट 'मेट्रो टच' झाले. ती अजून एकदाही पंक्चर झालेली नाही, टायरच आलेले नाहीत ना!

समृद्धी मात्र झाली बरं का, ते नाकारून चालणार नाही. ७०१ किलोमीटर, इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा तुकडा जून २०२५ ला उघडला. तिच्यावर तासभर वाचवा आणि आमण्याच्या पुढे ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये व्याजासकट परत करा.

आणि ज्यांना खरंच पुण्याला माल पाठवायचाय, त्यांनी रस्त्यानेच पाठवावा. माझं नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप आहे, चाकणच्या एका कंपनीला जॉब जातात. पिकअप पहाटे चारला सुटते. नऊला ड्रायव्हरचा फोन, "शेठ, चाकणला आलो." आपण खुश. दहाला फोन केला, "चाकणलाच आहे." अकराला, "शेठ, तळेगाव चौक दिसतोय." दिसतोय म्हणजे चंद्र दिसतो तसा. तिकडे कंपनीची लाइन थांबलेली, स्टोअरवाला माझ्या नावाने खडे फोडतोय, पेनल्टी लागली, त्या खेपेचा नफा गेला. पण तुम्ही मोठ्या मनाने बघायला शिका. त्या दोन तासात आमच्या ड्रायव्हरने दोन चहा, एक वडापाव, भाजलेले शेंगदाणे आणि मोबाईलचं कव्हर घेतलं. गाडी सरळ गेली असती तर ह्या सगळ्यांचा धंदा कोणी केला असता?

कोणी म्हणेल ट्रेनने जा. जा की, कल्याणहून वळसा घाला नाहीतर मनमाड-दौंडवरून, रस्त्याने २१० किलोमीटर असलेलं पुणे रेल्वेने कसं लांब करता येतं ते निवांत बघायला मिळतं. डबा सोबत घ्या, दोन वेळचा.

परवा त्याच एजंटचा फोन आला. म्हटलं मार्ग बदलला ना भाऊ, आता त्या प्लॉटचं काय? अजिबात डगमगला नाही. "दादा, आता तर अजून भारी झालं, फार्महाऊससाठी घ्या. रेल्वेचा आवाज बिलकुल नाही, गॅरंटी."

टोकन देऊन आलो. शेळी अजून तिथंच आहे.