"मॅन्युअल घे, चोरीला जाणार नाही" हे मला आता कोणी सांगू नका

बास झालं आता. परत कोणी मला "अगं मॅन्युअल गाडी घे ना, चोरांना क्लच चालवताच येत नाही" असं सांगितलं तर मी खरंच भांडणार आहे. इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला आमच्या घरासमोरून, आमच्याच ड्राइव्हवेवरून आमची टोयोटा हायलँडर रात्रीत उचलून नेली आणि तेव्हापासून न्यू जर्सीचा आतेभाऊ काय, ऑफिसातले लोक काय, मंडळाच्या ग्रुपवरचे काका काय, जो उठतो तो हेच ज्ञान पाजळतोय. सकाळी दार उघडलं तर सगळीकडे बर्फ आणि गाडी होती तेवढीच जागा कोरडी, आत लेकीची कारसीट, डिकीत तिचे स्केट्स, सगळं गेलं. आणि मला गिअरबॉक्स कुठला घ्यायचा ते सांगताय?

मी साताऱ्यात मारुती 800 वर शिकलेय. खंबाटकीत ट्रॅफिक तुंबल्यावर चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवलीये, मला मॅन्युअलचं कौतुक सांगू नका. आणि जरा डोकं चालवा की, चोराला तिसरं पेडल दिसलं की तो घरी परत जात असता तर आपल्याकडे भारतात एक गाडी चोरीला गेली नसती! वर्षानुवर्षं तिकडे जवळजवळ सगळ्या गाड्या मॅन्युअलच होत्या ना? तरी जायच्याच की. म्हणून तर लोक गाडी रिव्हर्समध्ये टाकून त्या गिअरच्या दांड्यालाच लोखंडी गिअर लॉक लावायचे, अजूनही लावतात.

हे सगळं येतं अमेरिकेतून, कारण तिकडे नव्या गाड्यांमध्ये मॅन्युअल आता शंभरात एखाद-दुसरीच उरलीये आणि कुठल्यातरी पोराने गाडी पळवायला घेतली, क्लच जमला नाही म्हणून टाकून पळाला अशा बातम्या येतात. येतात, मान्य. 2021-22 ला तिकडे किया-ह्युंदाईच्या चावी फिरवून चालू करायच्या गाड्या पोरांनी टिकटॉक बघून बघून पळवल्या, इग्निशनचं कव्हर उचकटायचं आणि यूएसबी केबलच्या टोकाने फिरवायचं, झालं काम, कारण त्या गाड्यांत इमोबिलायझरच नव्हता, म्हणजे खरी चावी नसेल तर इंजिन चालूच होऊ न देणारी यंत्रणा. अमेरिकेत तो सक्तीचा नाही. कॅनडात सप्टेंबर 2007 पासून नव्या गाड्यांत सक्तीचा आहे. म्हणजे इकडची चोरी ही मजा म्हणून गाडी फिरवणाऱ्या पोरांची नाहीच, ती वेगळीच जमात आहे आणि तुम्ही त्या पोरांवरचा उपाय मला सांगताय!

इकडे काय होतं ते ऐका. रात्री दोघं येतात, एक जण ॲम्प्लिफायर घेऊन तुमच्या दाराशी उभा राहतो, आत हॉलमध्ये खुंटीला लटकलेल्या फॉबचा, म्हणजे रिमोटवाल्या चावीचा, सिग्नल पकडून दुसऱ्याकडे गाडीपाशी पाठवतो, गाडीला वाटतं मालक आला, दार उघडतं, बटण दाबलं की चालू. तेही नको असेल तर हेडलाइटच्या मागची वायर उघडी करून थेट गाडीच्या नेटवर्कमध्ये घुसतात, नाहीतर सरळ टो ट्रकवर घालून नेतात. यात क्लच कुठे आला? मग गाडी कुठल्यातरी पार्किंगमध्ये दोन-चार दिवस सोडून देतात, ट्रॅकर असला तर कोणी शोधत येतं का ते बघायला. कोणी आलं नाही की कंटेनरमध्ये, तिथून मॉन्ट्रियल बंदर, तिथून जहाजाने पश्चिम आफ्रिका नाहीतर मिडल ईस्ट. एकाचा रॅम पिकअप घानामध्ये विकायला लावलेला सापडला होता. ही धंदेवाईक टोळी आहे, मॅन्युअलची ऑर्डर असेल तर ते मॅन्युअल चालवणारा माणूस आणतील, एवढं साधं आहे.

आणि घेऊ कुठली मॅन्युअल? 2022 ला कॅनडात सगळ्यात जास्त होंडा सीआर-व्ही चोरल्या, 2023 ला हायलँडर. यातली एक तरी आज शोरूममध्ये क्लचवाली मिळते का? दोन पोरं, उन्हाळ्यात सहा महिने आई-बाबा येणार, मला सात सीट लागतात. हायब्रिडमध्ये मॅन्युअल नाही, इलेक्ट्रिकला तर गिअरच नाहीत. सल्ला देणाऱ्यांनी आधी मॉडेलचं नाव सांगायचं, मग बोलायचं.

पण खरा राग मला याचा येतो की सगळं आपल्याच गळ्यात. फॉब सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पाऊचमध्ये ठेवा, स्टिअरिंगला लॉक लावा, ड्राइव्हवेत हजारो डॉलर घालून खांब बसवा, काही विमा कंपन्या तर जास्त चोरीला जाणारी गाडी असली आणि त्यांना हवा तो ट्रॅकर लावला नाही तर 500 डॉलर वेगळे लावतात. 2024 मध्ये टोरोंटोच्या एका पोलिसाने लोकांच्या मीटिंगमध्ये चक्क सांगितलं की फॉब पुढच्या दाराशीच ठेवा म्हणजे चोर घरात घुसणार नाहीत! पोलिसांनी सांगायची गोष्ट आहे का ही? देशाच्या कायदेमंत्र्याची सरकारी हायलँडरसुद्धा चोरीला गेलीये, तर आमची काय कथा. 2022 ला एक लाखाच्या वर गाड्या गेल्या, 2023 ला विम्याचे क्लेम दीड अब्ज डॉलरच्या पुढे, आणि ते पैसे आपल्या सगळ्यांच्या प्रीमियममधून निघतात, ज्यांची गाडी जागेवर आहे त्यांच्यासुद्धा.

आमच्या क्लेमवाल्या माणसाने पहिला प्रश्न काय विचारला, तर "दोन्ही फॉब तुमच्याकडे आहेत ना, ते जमा करा, आणि रात्री कुठे ठेवले होते?" जसं काही मीच विकून आले. दोन्ही दिले, सगळे कागद दिले, आता थांबा म्हणे. भाड्याच्या गाडीचे दिवस संपत आलेत, कामावर मला 410 हायवेने जावं लागतं, तिकडे बस नाही.

आणि थांबवता येत नाही असंही नाही ना! डिसेंबर 2023 ते मार्च 2024 मध्ये मॉन्ट्रियल बंदरात मनावर घेऊन सुमारे 400 कंटेनर तपासले तर 598 चोरीच्या गाड्या निघाल्या. एवढ्याशा मोहिमेत! मग ते रोज का होत नाही? राजधानी ओटावात गाडीचोरीवर मोठी परिषद भरवली, सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याला 28 मिलियन डॉलर जाहीर केले, तर त्यातून माणसं आणि स्कॅनर घ्या आणि बंदरात आणि रेल्वे यार्डात कंटेनर उघडून बघा. रस्त्यावरचा पोऱ्या पकडला तर उद्या दुसरा येतो, गाडी बाहेर गेलीच नाही तर त्यांना पैसे कोण देणार? आमच्या भागाच्या एमपीला, म्हणजे खासदाराला, मी हेच लिहून पाठवलंय, ज्यांची ज्यांची गाडी गेलीये त्यांनी पण पाठवा, आणि त्या मॅन्युअलचे मेसेज मला पाठवणं बंद करा.