पाइपलाइन युक्रेनमधून गेली, म्हणजे गॅस युक्रेनने घेतला का?

‘तिकडे युद्ध, इकडे युक्रेन रशियाकडूनच गॅस घेतोय आणि पैसे मोजतोय! आतून सगळे एकच.’ सोबत रशियातल्या, युक्रेनच्या सीमेजवळच्या सुद्झा गावातल्या गॅस मापन केंद्राचा फोटो. हा मेसेज घरच्या ग्रुपवरही आला, म्हणून लिहितो आहे.

युक्रेनच्या नाफ्तोगाझ या सरकारी कंपनीने रशियाच्या गाझप्रॉमकडून थेट गॅस घेणं नोव्हेंबर 2015 मध्येच थांबवलं. 2022 च्या आक्रमणाच्या सहा वर्षं आधी.

मग पाइपलाइनमधून काय जात होतं? रशियाने युरोपातल्या गिऱ्हाइकांना विकलेला गॅस. डिसेंबर 2019 च्या करारानुसार 2020 मध्ये 65 अब्ज घनमीटर आणि पुढची चार वर्षं दरसाल 40 अब्ज. पाटाचं पाणी माझ्या बांधावरून खालच्या शेताला गेलं, म्हणून मी ते विकत घेतलं असं होत नाही. उलट वाहतुकीचं भाडं गाझप्रॉम युक्रेनला देत होती. मेसेजमध्ये पैशांची दिशाच उलटी आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. युक्रेन स्लोव्हाकिया, हंगेरी, पोलंड या बाजूने जो गॅस घेऊ लागला, त्यातला बराचसा मुळात रशियातलाच होता. 2020 पासून तर अनेकदा तो सीमा ओलांडतही नसे. पश्चिमेकडे निघालेल्या गॅसमधूनच हवा तेवढा युक्रेनमध्ये उतरवून घ्यायचा आणि हिशेब कागदावर वळता करायचा. पण करार युरोपीय व्यापाऱ्याशी, बिल त्याचं, पैसे त्याला. ‘ऐकलं नाहीत तर तुमचा दर वाढवू’ ही गाझप्रॉमची जुनी धमकी तिथे चालेना.

‘मग नळ बंद का नाही केला?’ रशियाचा गॅस युक्रेनमध्ये शिरण्याच्या दोन वाटा उरल्या होत्या: सोख्रानिव्का आणि सुद्झा. मे 2022 मध्ये तिथे रशियन ताबा आल्यावर सोख्रानिव्काचा मार्ग युक्रेनने बंद केला. उरला सुद्झा. ऑगस्ट 2024 मध्ये ते गाव युक्रेनी सैन्याच्या ताब्यात आलं, तरी गॅस वाहत राहिला, कारण पलीकडे स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, मोल्डोव्हा होते. 2019 चा तो वाहतूक करार संपला, युक्रेनने तो वाढवला नाही आणि 1 जानेवारी 2025 च्या सकाळी वाहतूक थांबली. भाड्याचं उत्पन्न गेलं ते युक्रेनचंच.

त्याच दिवशी मोल्डोव्हाच्या ट्रान्सनिस्ट्रिया भागात, जिथे रशियाचंच सैन्य आहे, घरं गार पडली आणि लोक लाकडं जमवू लागले. तुर्कस्तानकडून गॅस पाठवण्याची वाट होती. गाझप्रॉमने थकबाकीचं कारण सांगून तो पाठवला नाही.