प्लांट रुळालगत आहे, मग गाडी आत का जात नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरच्या दिवा–पनवेल मार्गावर तळोजे पंचनंदजवळ मी उभा केलेल्या रेडीमिक्स काँक्रीट प्लांटच्या मॉडेलबद्दल तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, प्लांट रुळाला खेटून असूनही त्यात एकही सायडिंग, म्हणजे मुख्य रुळातून फुटणारा फाटा, जात नाही. ब्रिटिश मार्गांवर खडीची गाडी थेट प्लांटमध्ये शिरते, इथे ती नुसती बाजूने निघून जाते, त्यामुळे सगळं निर्जीव वाटतं. दुसरा, सिमेंट साठवायचे उंच सायलो फार स्वच्छ आहेत, सगळ्यावर पांढऱ्या धुळीचा थर हवा होता. आणि तिसरा, ताशी 75 किलोमीटरने जाणाऱ्या ड्रायव्हरला जे दिसणारच नाही, त्यावर इतके पॉलिगॉन, म्हणजे मॉडेल घडवणारे छोटे पृष्ठभाग, कशाला खर्च केले?

पहिल्या आक्षेपावर जास्त लिहितो. सिम्युलेटरसाठी काहीही बनवताना मी आधी एकच गोष्ट विचारतो, की गाडी इथे का येईल? त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी ब्लेंडर हे मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उघडत नाही.

लंडनमध्ये गाडी प्लांटमध्ये का शिरते ते बघा. लंडनच्या खाली चिकणमाती आहे. काँक्रीटला लागणारा कठीण दगड इंग्लंडच्या त्या आग्नेय कोपऱ्यात जवळपास नाहीच. तो येतो सॉमरसेटमधल्या मेंडिप टेकड्यांतून, मेरहेड आणि व्हॉटलीच्या चुनखडीच्या खाणींतून, दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून. एवढ्या अंतरावर दगडासारखा जड आणि स्वस्त माल ट्रकने आणणं परवडत नाही. म्हणून तिथे प्रचंड लांबीच्या गाड्या अ‍ॅक्टन यार्डापर्यंत येतात, तिथे तुटतात आणि त्यांचे तुकडे शहरातल्या वेगवेगळ्या टर्मिनलांत जातात. या दगडासाठीच फॉस्टर यीओमन या खाणकंपनीने 1986 साली स्वतःची क्लास 59 इंजिनं आणली. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर धावणारी ती पहिली खाजगी मालकीची डिझेल इंजिनं. म्हणजे त्या प्लांटमधलं सायडिंग भूगोलामुळे आलं आहे.

आता तळोज्यात या. इथे पायाखालीच काळा बसाल्ट आहे, दख्खनच्या लाव्ह्याचा. पनवेल-उरण परिसरातल्या खाणी आणि क्रशर प्लांटपासून इतके जवळ आहेत की डंपर दिवसातून अनेक खेपा करतो. खाडीतल्या वाळूउपशावर निर्बंध आल्यापासून वाळूच्या जागीही बहुतेक क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळूच, वापरली जाते, आणि ती त्याच खाणीतून, त्याच डंपरने येते.

आकडे मांडून बघू. एक घनमीटर काँक्रीटला साधारण 1,150 किलो खडी, 750 किलो क्रश सँड आणि 400 किलो सिमेंट-फ्लाय अ‍ॅश वगैरे लागतं, वर पाणी. दिवसाला 500 घनमीटर माल काढणाऱ्या प्लांटला खडी आणि सँड मिळून 950 टन हवी, म्हणजे मोठ्या डंपरच्या चाळीसएक खेपा. हाच दगड 58 बॉक्सएन, म्हणजे उघड्या वॅगनच्या रेकने (पूर्ण गाडीने) आणायचा म्हटला तर एका वेळी 3,700 टनांच्या आसपास येईल. तो ठरलेल्या तासांत उतरवला नाही तर डेमरेज (वॅगन अडकवल्याचा आकार) लागतं. उतरवलेला ढीग चार दिवस पुरेल, तेवढे दिवस तो ठेवायला जागा हवी. शिवाय बॉक्सएन 10.7 मीटर लांब. पूर्ण रेक, इंजिन आणि ब्रेकव्हॅन धरून साडेसहाशे मीटरच्या वर जातो. तेवढी सरळ जमीन तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बॅचिंग प्लांटला कोण देणार? आणि खाण एवढ्या जवळ असताना तो घेईल तरी कशाला?

आणखी एक अडचण आहे. या मार्गावर डोक्यावर 25 केव्हीची तार आहे. उघड्या वॅगनमधून पोकलेनने खडी उपसायची तर त्या रुळावर तार नको, किंवा ती बंद करता यायला हवी. ब्रिटिश प्लांटचा साचा उचलून इथल्या तारेखाली ठेवला तर पहिल्याच बकेटला काय होईल ते तुम्ही जाणता.

मग प्लांट रुळालगत का? रस्त्यामुळे आणि जागेच्या भावामुळे. रेडीमिक्समध्ये पाणी पडलं की घड्याळ सुरू होतं. आपल्या आयएस 4926 या मानकात माल उतरवायला दोन तासांची मर्यादा धरली आहे. त्यामुळे प्लांट बांधकामांच्या जवळ आणि हमरस्त्याला लागून हवा. रुळाशेजारच्या चिंचोळ्या जमिनीवर घरं किंवा दुकानं सहसा होत नाहीत, तिथे असा प्लांट बसतो. रेल्वे तिथे शेजारी आहे, गिऱ्हाईक नाही. हे नातं मला दाखवायचं होतं. मध्ये कंपाउंडची भिंत, भिंतीला टेकून रचलेले ताकद तपासायला फोडलेले काँक्रीटचे क्यूब, पलीकडे रूळ.

पण काँक्रीटच्या साखळीत इथे रेल्वे नाहीच, असंही नाही. ती एक पायरी मागे आहे, सिमेंटपाशी. सिमेंटचा कारखाना चुनखडीजवळ असतो आणि चुनखडी कोकणच्या या पट्ट्यात नाही. म्हणून कर्नाटकातल्या वाडीहून सुटं सिमेंट खास वॅगनांच्या रेकने कळंबोलीला येतं. तिथे बल्क सिमेंट कॉर्पोरेशनचं टर्मिनल आहे, स्वतःचं सायडिंग आणि प्रत्येकी 5,000 टनांचे दोन सायलो असलेलं. घनमीटरला 300 किलो सिमेंट धरलं तर ते दोन सायलो मिळून तेहतीस हजार घनमीटर काँक्रीटला पुरतात. तिथून बल्कर, म्हणजे सुट्या सिमेंटचे टँकर, निघतात आणि माझ्यासारख्या प्लांटच्या सायलोत हवेच्या दाबाने सिमेंट चढवतात. तुम्हाला जी गाडी आत शिरताना बघायची आहे, ती या मार्गावर खरोखर आहे, फक्त ती कळंबोलीत शिरते. तिचा प्रवासही चालवण्यासारखा आहे. भरलेला रेक बोरघाट उतरून येतो आणि रिकामा पुन्हा घाट चढतो. ड्रायव्हिंगची सगळी परीक्षा उतारावर, भरल्या वजनात.

आता धूळ. इथेही दगडच ठरवतो. मेंडिपची चुनखडी फिकट असते, तिची धूळ पांढरट-पिवळसर, त्यामुळे ब्रिटिश टर्मिनलं पीठ सांडल्यासारखी दिसतात. आपल्या बसाल्टची भुकटी गडद निळसर करडी असते. खडी साठवायच्या खणांभोवती, म्हणजे बिनांभोवती, मी तोच रंग वापरला आहे, आणि सिमेंटचा फिकट, किंचित हिरवट करडा रंग फक्त जिथे सिमेंट बाहेर येऊ शकतं तिथे : सायलोच्या माथ्यावरच्या फिल्टरपासून खाली ओघळलेल्या रेघा, बल्करचा पाइप जोडतात ती जागा, सिमेंट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचे सांधे. बंद सायलोचं बाकी अंग पावसाने धुतलं जातं. मिक्सरच्या तोंडाखाली मात्र थरावर थर चढलेलं वाळलेलं काँक्रीट आहे, तिथे अजिबात हात आखडता घेतलेला नाही. लोडर ज्या रॅम्पवरून बिन भरतो त्याच्या कडा घासून पोलाद उघडं पडलंय आणि गंजलंय. पावसाळी आवृत्तीत क्रश सँडवर ताडपत्री घातली आहे. सँड भिजली की पाण्याचं गणित बिघडतं, म्हणून जागरूक प्लांटवर ती झाकतातच.

पॉलिगॉनबद्दल थोडक्यात. मॉडेलला अंतरानुसार तीन पातळ्या आहेत. धावत्या गाडीतून तुम्हाला बहुतेक वेळ सर्वांत हलकी पातळीच दिसते आणि फ्रेमरेटवर त्याचा भार नगण्य आहे. पण मालगाडीचा ड्रायव्हर या मार्गावर सतत धावत नसतो. पॅसेंजर पुढे काढायला तो लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, किंवा सिग्नलवर बराच वेळ उभा राहतो, आणि त्या वेळी खिडकीतून समोर हा प्लांटच असतो. मग ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम मिनिटाला दोन-चार फेरे घेत सावकाश फिरतोय की गरगरतोय, हे लगेच डोळ्यांत भरतं. मुंबईकडे अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे मोठे स्लॅब पुष्कळदा रात्री भरले जातात. म्हणून रात्रीच्या दृश्यात प्लांट पूर्ण उजळलेला आणि मिक्सरची रांग लागलेली ठेवली आहे.

पुढच्या आवृत्तीत कळंबोलीचं टर्मिनल येतंय. ओपन रेल्समध्ये वॅगन टप्प्याटप्प्याने रिकामी होण्याची सोय आहे, ती तिथे वापरणार आहे. तुम्हाला लंडनसारखा प्लांट हवा असेल तर माझी ब्लेंडर फाइल खुशाल घ्या. बिनांच्या मागे रुळाखालचा हॉपर आणि तिथून वर चढणारा कन्व्हेअर जोडा, डंपरचा वजनकाटा काढून टाका, आणि खडीचा टेक्स्चर बदलून चुनखडीचा फिकट रंग द्यायला विसरू नका.