गेली लाइन!

नवतपा लागून दोनच दिवस झाले होते. दुपारी अडीचला कूलरचा पंखा कुरकुरला, हळू हळू होत थांबला. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी तेवढं टपटपत राहिलं. मी पलंगावरूनच ओरडलो, "गेली लाइन!"

पुण्याहून सुट्टीत आलेला सहावीतला भाचा धावत खिडकीशी गेला. "कोण गेली, मामा?"

त्याची चूक नव्हती. पुण्यात लाइट जातात, आमच्या नागपुरात लाइन जाते. त्यातून सकाळीच मी मोठ्या ऐटीत त्याच्या इंग्रजीच्या वहीत लिहून दिलं होतं : लाइन म्हणजे रेघ. आता एक रेघ घर सोडून गेली म्हणून मामाला एवढा घाम का फुटावा, हे पोराला कळेना.

तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडून एक गोड बाई म्हणाली, "कृपया लाइनवर राहा."

"पण लाइन तर गेलीये ना? मग तिच्यावर कसं राहणार?" भाचा म्हणाला. बाईला हा प्रश्न विचारता आला असता तर बरं झालं असतं, पण ती रेकॉर्ड केलेली होती. पंधरा मिनिटं बासरी ऐकवून फोन कटला.

"दोन लाइनी गेल्या," त्यानं बोटं मोजली.

शेजारचे काका बनियानवर गेटाशी उभे होते. "काऊन जी, तुमच्याइकडं बी नाही का लाइन?" मग भाच्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "पोट्टा हुशार दिसते. कोन्त्या लाइनले टाकता याले?"

भाचा माझ्यामागे लपला. "मला नाही लाइनला जायचं! शॉक बसेल!" खरं तर चुकीचं काही बोलला नव्हता. मी स्वतः पंचवीस वर्षं अकाउंट्सच्या लाइनला आहे.

पाच वाजले तरी लाइन येईना, तेव्हा गारव्यासाठी मेट्रो गाठली. छत्रपती चौकात तिकिटाच्या लाइनीत उभे राहिलो, ऑरेंज लाइनकडे निघालो. संत्र्यांच्या गावात एका लाइनीला ऑरेंज नाव असायलाच हवं. दुसरी अ‍ॅक्वा लाइन, दोघींची गाठ बर्डीला पडते, वगैरे मी समजावत होतो. तो ऐकतच नव्हता. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीशी उकिडवा बसून बोटानं ती चाचपत ओरडला, "मामा, ही बघ खरी लाइन! रेघ!"

दिवसभरात पुस्तकातला अर्थ पहिल्यांदा सापडला होता. गार्डनं शिट्टी वाजवून आम्हांला त्या अर्थाच्या मागे ढकललं.

शेजारी कॉलेजची दोन पोरं बोलत होती. "थो लाइन मारते बे तिच्यावर." भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "आखतो, आखतो," मी घाईनं म्हटलं.

झिरो माइलला उतरून विधानभवनाच्या बाजूनं सिव्हिल लाइन्समध्ये शिरलो. त्यानं इथंही रेघा शोधल्या. इंग्रजांच्या छावणीत सैनिकांच्या वस्तीला लाइन्स म्हणत, मुलकी साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स, असं मी सांगितलं. साहेब गेले, लाइन्स राहिल्या. तिकडे पोलीस लाइन टाकळीही आहे, पण ते मी गिळलं. पोराच्या वहीत जागा कुठे होती?

रात्री परतलो तर लाइन आलेली. मी शब्दकोश काढला. मूळ लॅटिन 'लिनिया', म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. 'लिनम' म्हणजे जवस. लिनन त्यातलंच, लिनसीडही त्यातलंच. मी हर्षभरित होऊन स्वयंपाकघरात वर्दी दिली. बायकोनं चटणीची बरणी पुढे सरकवली. "मग ही संपवा आधी. आठ दिवस झाले कुटून." तळाशी काळपट चटणी, वर लसणाचा वास. भाच्यानं भाकरीवर तेल घालून दोनदा घेतली.

झोपण्याआधी त्यानं आईला फोन लावला. "आई, आज आमची लाइन गेली, मग आम्ही लाइनवर राहिलो, मग लाइनीनं फिरलो आणि रात्री लाइन खाल्ली. तिखट होती."

पलीकडे क्षणभर शांतता.

"मामाला फोन दे," ताई म्हणाली. मी घेतला. "का रे, याला ऊन लागलंय का? खिशात कांदा ठेवतोस ना?"