नवी डिस्क, जुना कर्नल

आमच्या कारखान्यातला सर्व्हर डेबियन 8 या जुन्या लिनक्सवर चालतो, कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा) 3.16. मशीनचं सॉफ्टवेअर ज्यानं लिहून दिलं तो जाताना बजावून गेला, ‘ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावलात तर मला फोन करू नका.’ तसाही तो फोन उचलत नाही. तर सर्व्हर आहे तिथंच आहे.

बॅकअपसाठी नवी डिस्क आली. एका उत्साही पोरानं ती स्वतःच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत) फॉरमॅट केली, त्यात वर्षानुवर्षांची ड्रॉइंगं भरली आणि सर्व्हरला जोडून दिली. माउंट करायला, म्हणजे सिस्टिमला वापरायला द्यायला गेलो तर उत्तर आलं: फाइलसिस्टिमचा प्रकार चुकलाय, किंवा ऑप्शन चुकलाय, किंवा सुपरब्लॉक खराब आहे, किंवा कोडपेज नाही, किंवा मदतीचा प्रोग्राम नाही, किंवा दुसरंच काहीतरी. डॉक्टरनं कागदावर ‘सर्दी, कावीळ, अपेंडिक्स किंवा इतर’ लिहून द्यावं, तसं.

खरा आजार कर्नलच्या लॉगमध्ये सापडला. सपोर्ट नसलेली फीचर्स, आणि कंसात 2000. हा 2000 म्हणजे ‘मेटाडेटा-सीसम-सीड’. ईएक्सटी4 ची हत्यारपेटी असते ई2एफएसप्रॉग्ज, तिच्या 1.47 पासून, म्हणजे 2023 पासून, हे न विचारता चालू केलेलं असतं. समजायला कर्नल किमान 4.4 लागतो. आणि उपयोग काय? तर डिस्क माउंट असतानाच तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलता येतो. ही हुक्की मला आजवर तापातसुद्धा आलेली नाही.

ईएक्सटी4 च्या फीचर्सचे तीन वर्ग असतात. पहिल्यातलं फीचर जुन्या कर्नलला कळलं नाही तरी तो काणाडोळा करतो. दुसऱ्यातलं कळलं नाही तर वाचू देतो, लिहू देत नाही. तिसऱ्यात दारातूनच परत. आमचं सीड तिसऱ्यातलं. त्याच्याच जोडीनं आलेली ‘ऑर्फन-फाइल’ तर भलतीच लहरी. डिस्क शिस्तीत अनमाउंट केलीत तर ती पहिल्या वर्गात, केबल हिसडून काढलीत की दुसऱ्यात. आणि आमच्याकडे केबल हिसडूनच काढतात.

जुन्या सर्व्हरवरच फॉरमॅट केली असती तर प्रश्नच नव्हता. नव्या कर्नलला जुनं सगळं चालतं. पण डिस्क भरलेली. मग ती परत लॅपटॉपला लावून ट्यून2एफएस चालवलं, म्हणजे फीचर्स चालू-बंद करायचं हत्यार. नावाच्या आधी ^ ही टोपी घातली की फीचर बंद. दोघांना टोप्या घातल्या, सर्व्हरनं निमूटपणे माउंट केलं.

सवयीनं तपासणी करायला गेलो, तर त्याच सर्व्हरवरचा डिस्क तपासणारा प्रोग्राम, 1.42 चा ई2एफएसके, म्हणतो, ‘मेटाडेटा-सीसम’ (डिस्कच्या नोंदींची पडताळणी-बेरीज ठेवणारं आणखी एक फीचर) मला कळत नाही, माझी नवी आवृत्ती आणा! कर्नलला ते मान्य, ह्याला नाही. नवी आवृत्ती आणायची म्हणजे सिस्टिमला हात लावणं आलं. म्हणून पुन्हा लॅपटॉप, तिसरी टोपी, आणि लॅपटॉपवर रात्रभर ई2एफएसके.

सकाळी साहेबांना सांगितलं, ‘झालं. तीन फीचर्स काढली, आता चालतंय.’

साहेबांनी बिल पुढं ओढलं. ‘काढली? मग त्याचे पैसे परत मागितले का?’